डिस्क की साधा?

सायकलच्या दुकानात हल्ली पहिला प्रश्न किमतीचा नसतो. दुकानदार आपल्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, बरोबर आलेल्या पोराकडे पाहतो आणि विचारतो, "डिस्क दाखवू की साधा?" आईबाप, काका, मामा, जे कोणी पैशाचे पाकीट घेऊन आलेले असतील ते एकमेकांकडे पाहू लागतात. पोरगा मात्र एका दमात सांगून टाकतो, "डिस्क!" का रे बाबा, असे विचारले तर तो आपल्याकडे अशा काही करुणेने पाहतो की पुढे बोलायची सोय उरत नाही. शेवटी हजार-दोन हजार रुपये जास्त मोजून मंडळी डिस्क घेऊन घरी येतात, आणि दोन महिन्यांनी ती सायकल जिन्याखाली किंचाळत उभी असते.

या सदराकडे ह्या एकाच प्रश्नाची इतकी पत्रे येऊन पडली आहेत, की निदान दिवाळीच्या अंकात तरी त्याचा निकाल लावावा असे मी ठरवले. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचायला हा विषय काही वाईट नाही. चकलीच्या आकाराशी त्याचे थोडे नातेही आहे.

प्रथम ही दोन प्रकरणे काय आहेत ते पाहू. दुकानदार ज्याला 'साधा' म्हणतो तो रिम ब्रेक. चाकाच्या घेराला धातूची जी रिम असते, तिला दोन्ही बाजूंनी रबराचे दोन तुकडे चिमटीत धरतात आणि चाक थांबते. आजच्या सायकलींवर त्याचा जो प्रकार बहुधा दिसतो तो व्ही-ब्रेक. रिमच्या दोन बाजूंना दोन उभे हात आणि वरून त्यांना जवळ ओढणारी केबल. शिमानो या जपानी कंपनीने तो १९९६ च्या सुमाराला बाजारात आणला. डिस्क ब्रेकमध्ये रिमला कोणी स्पर्शही करत नाही. चाकाच्या मध्यभागी, हबला, पोलादाची एक पातळ, भोके पाडलेली चकती बसवलेली असते आणि फोर्कला घट्ट केलेल्या चिमट्यातले दोन पॅड त्या चकतीला धरतात. काही सायकलींत हा चिमटा केबलने ओढला जातो, काहींत नळीतल्या तेलाच्या दाबाने. दुसऱ्या प्रकाराला हायड्रॉलिक म्हणतात आणि तो महाग असतो.

आता गंमत पाहा. तत्त्व दोन्हींचे एकच आहे. रिम ब्रेक हाही एक डिस्क ब्रेकच, फक्त त्याची चकती चाकाएवढी थोरली! घरातले दार कडीजवळ बोटाने ढकलून पाहा आणि मग बिजागरीजवळ ढकलून पाहा. बिजागरीजवळ सारा पंजा लावावा लागतो. सायकलची चकती बहुधा १६० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे आसापासून तिची कड जेमतेम ८ सेंटिमीटर दूर. रिम आसापासून २८ ते ३१ सेंटिमीटर दूर. म्हणजे तेवढाच परिणाम साधायचा तर डिस्कच्या चिमट्याला जवळजवळ चौपट जोराने धरावे लागते. 'डिस्क म्हणजे जास्त ताकद' हे जे दुकानात ऐकू येते ते म्हणूनच जसेच्या तसे खरे नाही. चिमटा चांगला असेल तर तो हा चौपट जोर आरामात लावतो. चिमटा हलका असेल तर बिजागरीपाशी दार ढकलणाऱ्या अशक्त माणसासारखी त्याची गत होते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ब्रेक चाक थांबवतो. सायकल थांबते ती टायरने रस्ता धरल्यामुळे, आणि टायर रस्त्याला टेकतो तो दोन-तीन बोटांएवढ्या जागेत. कोरड्या डांबरी रस्त्यावर मनुष्य सायकलवर सरळ बसलेला असताना गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्म्या जोरापर्यंतच ती रोखता येते. त्यापुढे मागचे चाक उचलले जाते. नीट जुळवलेला व्ही-ब्रेक ती मर्यादा गाठतो आणि नीट जुळवलेला डिस्कही तिथेच येऊन थांबतो. त्यापुढे कोणाचीच ताकद कामाची नाही. ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल अशा रीतीने थांबवायला सुमारे ३ मीटर लागतात. तेच नुसता मागचा ब्रेक दाबला तर जवळजवळ ६ मीटर, कारण थांबताना वजन पुढे जाते, मागचे चाक हलके होते आणि घसरू लागते. म्हणजे डिस्क की साधा यापेक्षा पुढचा ब्रेक वापरला की नाही, हा फरक कितीतरी मोठा आहे. आणि आपल्याकडे तर मुलाला सायकल शिकवताना पहिला धडा असतो तो, "पुढचा ब्रेक दाबू नकोस हं, पालथा पडशील!"

हे सारे शास्त्र मला कोणाला तरी पटवून द्यावे लागले ते याच वर्षी, आणि तेही आमच्या वहिनींना.

पुतणी यंदा अकरावीला गेली. दादांचे घर पुण्यात सहकारनगरला, तळजाईच्या उताराच्या अंगाला. कॉलेजला जाताना सारा उतार आणि येताना सारा चढ. पोरीचे म्हणणे, सायकलने जाईन. बस येते तेव्हा पहिला तास निम्मा झालेला असतो. वहिनींचे म्हणणे, सायकल नकोच. पुष्कळ वाद झाल्यावर त्या एक पायरी खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "डिस्क ब्रेकची असेल तरच. नाहीतर बस." दादांनी रकमेचा आकडा आधीच ठरवून ठेवलेला. त्या आकड्यात दोन सायकली बसत होत्या. एक दिसायला दणकट, जाड टायरांची, पुढे-मागे स्प्रिंगा लावलेली आणि दोन्ही चाकांना डिस्क. दुसरी साधी, हलकी, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमची आणि व्ही-ब्रेकची. पोरीला दुसरी हवी होती. कारण विचाराल तर तिच्या वयाच्या मानाने फारच शहाणपणाचे: इमारतीच्या खालून दोन सायकली चोरीला गेल्या आहेत, तेव्हा सायकल रोज दुसऱ्या मजल्यावर न्यावी लागणार, आणि ती पहिली तिला उचलत नव्हती.

"भावजी, तुम्हीच सांगा हिला," वहिनी म्हणाल्या. मी आलो होतो चहाला.

वहिनींच्या हनुवटीवर एक बारीक खूण आहे. ती कशाची हे घरात सर्वांना माहीत आहे. पण त्या दिवशी तिचा उल्लेख त्यांनी स्वतःच केला. त्या शाळेत असताना आपल्या भावाची काळी, दांडीच्या ब्रेकची सायकल घेऊन पर्वतीच्या बाजूने उतरत होत्या. पाऊस नुकताच पडून गेला होता. दोन्ही ब्रेक आवळले, आणि सायकल आहे त्याच वेगाने चालली राहिली. पुढे एक भाजीची हातगाडी होती.

ज्यांनी ती काळी सायकल चालवली आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही. त्या सायकलची रिम पोलादाची, वर चकचकीत मुलामा चढवलेली. हँडलखालच्या दांड्या वर ओढल्या की ब्रेकची रबरे रिमच्या आतल्या अंगाला जाऊन टेकत. कोरड्या दिवशी काम ठीक चाले. पण त्या गुळगुळीत मुलाम्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसला, की रबर त्यावरून साबणाच्या वडीसारखे घसरे. पावसात तो ब्रेक म्हणजे हुकूम नसे, विनंती असे. चाकाने ती मान्य करीपर्यंत पायताण रस्त्याला घासणे हाच खरा उपाय. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात 'साध्या' ब्रेकविषयी जे भय आहे, ते मुळात या पोलादी रिमचे भय आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर रबराची पकड पावसातही कितीतरी बरी राहते. हल्लीच्या स्वस्त सायकलींत अजून पोलादी रिम सर्रास असते, आणि रंग दिल्यावर नुसत्या डोळ्यांनी दोन्ही ओळखता येतीलच असे नाही. तेव्हा दुकानात जाताना फ्रिजच्या दारावरचे लोहचुंबक खिशात घालून जावे. रिमला चिकटले तर पोलाद, गळून पडले तर अ‍ॅल्युमिनियम. दुकानदार हसला तर हसू द्यावा. मला तर वाटते, ब्रेक कोणता हा प्रश्न विचारण्याआधी रिम कशाची हा विचारावा.

वहिनींना मात्र तोंडी व्याख्यानाने काही पटण्यासारखे नव्हते. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याच गल्लीत परीक्षा घेतली. उतारावर खडूने एक रेघ ओढली, खाली सपाटीवर दुसरी. पहिल्या रेघेपासून पायडल न मारता सायकल सोडायची आणि दुसऱ्या रेघेवर ब्रेक दाबायचे, म्हणजे वेग प्रत्येक वेळी सारखाच. शेजारच्या मुलाची चांगल्या कंपनीची डिस्कची सायकल, माझी व्ही-ब्रेकची, आणि त्याच इमारतीतल्या एका आजोबांची दांडीच्या ब्रेकची काळी सायकल अशी तीन वाहने. मोजणीला वहिनींची शिवणकामाची टेप. स्वार अर्थातच पुतणी.

कोरड्या रस्त्यावर डिस्क आणि व्ही-ब्रेक यांत वीतभराचाही फरक पडला नाही. कधी ही पुढे, कधी ती. नुसता मागचा ब्रेक दाबायला लावल्यावर मात्र दोन्ही सायकली जवळजवळ दुप्पट अंतर गेल्या. हे पाहून वहिनी जरा गप्प झाल्या. पुढचा ब्रेक कसा दाबायचा तेही मग पोरीला दाखवले: एकदम झटका द्यायचा नाही, वजन थोडे मागे घ्यायचे, कोपरे ताठ ठेवायची आणि दाब वाढवत न्यायचा. वळणावर, वाळूवर आणि ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर मात्र पुढच्या ब्रेकशी बेताने वागायचे. आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, परंतु बाहेर देशच्या सायकलींत उलटे असू शकते, तेव्हा नवी सायकल हाती आली की आधी ते तपासावे.

मग रिमवर आणि चकतीवर तांब्याने पाणी ओतून तीच परीक्षा. डिस्कच्या सायकलला काही जाणवलेच नाही म्हणा ना. व्ही-ब्रेकवाली मीटर-सव्वा मीटर पुढे गेली. रबरांना पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पाणी पुसून काढावे लागते, आणि त्यानंतर ती धरतात. आजोबांची सायकल थेट गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाय टेकल्यावर थांबली. वहिनींनी टेप गुंडाळली आणि म्हणाल्या, "पाहिलंत ना? पाण्यात डिस्कच बरा."

ते खरेच होते आणि मी ते कबूल केले. पण परीक्षेतली डिस्क आणि दादांच्या आकड्यात बसणारी डिस्क या दोन निराळ्या वस्तू होत्या. दुपारी आम्ही सारे दुकानात गेलो. त्या दणकट सायकलचा ब्रेक वहिनींच्याच हातात दिला. मूठ हँडलला जाऊन टेकली तरी चाक हाताने फिरवता येत होते. दुकानदाराने पाना घेऊन घट्ट करून दिला, तर आता चकती चिमट्याला घासून खस्‌खस्‌ करू लागली. याचे कारण सांगतो. स्वस्त केबलच्या डिस्कमध्ये दोन पॅडांपैकी बहुधा एकच हलतो. तो चकतीला वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. दोन्हींमधली फट केसाएवढी असावी लागते आणि पॅड झिजत जातील तशी ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागते. हे काम अवघड नाही, पण ते कोणी तरी करावे लागते. शिवाय नवे पॅड चकतीशी 'बसायला' हवेत: थोड्या वेगाने जायचे, ब्रेकने हळूहळू वेग उतरवायचा, असे पंधरा-वीस वेळा. दुकानदार हे सांगत नाहीत, आणि लोक पहिल्याच दिवशी म्हणतात, डिस्क लागत नाही.

शेवटी साधी सायकल आली. वहिनींची अट एकच होती आणि ती मला सायकलपेक्षाही पसंत पडली: पावसाच्या दिवशी उतार लागण्याआधी सपाटीवरच दोन्ही ब्रेक हलके धरून रिम पुसून घ्यायची, आणि मगच खाली यायचे. राहिलेल्या पैशांत चांगल्या प्रतीची ब्रेकची रबरे, पुढचा-मागचा दिवा आणि शिरस्त्राण घेतले. पोरगी गेल्या पावसाळ्यात रोज सायकलनेच गेली. पहिले पंधरा दिवस वहिनी गॅलरीत उभ्या राहून ती वळणापर्यंत दिसेनाशी होईतो पाहत असत. आता त्या वेळी त्या कुकर लावतात.

हा निकाल सर्वांना लागू पडेल असे मात्र कोणी समजू नये. पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणीचा घाट घ्या. साडेपाचशे मीटरांहून थोडा जास्तच उतार. ७० किलोचा मनुष्य आणि १५ किलोची सायकल एवढे खाली आणायचे तर जेवढी ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते, तेवढीत दीड लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. वेगाने उतरणाऱ्याची बरीचशी ऊर्जा वारा घेतो. जो बिचारा घाबरून सारा घाटभर ब्रेक धरून हळूहळू उतरतो, त्याचा चहा सगळा ब्रेकमध्येच होतो. रिम ब्रेक असेल तर ती उष्णता रिममध्ये, आणि रिमच्या पोटात ट्यूब. रिम फार तापली की ट्यूब फुटू शकते, तीही नेमकी उतारावर. डिस्कची उष्णता चकतीत राहते, टायरपासून दूर. तापली तर चकती तापू दे, टायरला तिची झळ लागत नाही. म्हणून ज्यांना घाट उतरायचे आहेत, पाठीमागे सामान लादायचे आहे, कोकणातल्या पावसात आणि चिखलात जायचे आहे, त्यांनी सरळ डिस्क घ्यावी आणि ती चांगली घ्यावी. विजेवर चालणाऱ्या सायकलींचे वजन जास्त आणि वेगही, तिथेही डिस्कच. घाट उतरून आल्यावर मात्र पोरांना चकतीला बोट लावू देऊ नये. ती तव्यासारखी तापलेली असते, आणि फिरत असताना तर बोटाला तिच्याहून वाईट काही नाही.

रिमचे आणखी एक दुखणे आहे, ते फारसे कोणी पाहत नाही. ब्रेक लावताना रबर झिजते हे सर्वांना ठाऊक असते. रिमही झिजते हे नसते. पावसाळ्यात रबराला चिकटलेली बारीक वाळू काचकागदासारखे काम करते. पुष्कळ रिमांच्या बाजूला एक बारीक खाच किंवा खड्ड्यासारखे ठिपके मुद्दाम ठेवलेले असतात. ते दिसेनासे झाले की रिम बदलायची. न बदलली तर एक दिवस हवेच्या दाबाने तिची कड फाटते. डिस्कमध्ये झिजते ती चकती. नवी चकती साधारण १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर आली की काढून टाकावी. चकती बदलणे हे रिम बदलण्यापेक्षा सोपे आणि बहुधा स्वस्तही, कारण रिम बदलायची म्हणजे सारे चाक तारांसकट उसवून पुन्हा विणायचे. उलट चाक जरासे 'आउट' झाले तर रिम ब्रेक घासू लागतो, डिस्कला त्याचे काही नसते. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे पाहता हा मुद्दा काही लहान नाही.

मुलांचा ठाम समज असा की शर्यतवाले सगळे डिस्क वापरतात, तेव्हा तीच उत्तम. आज मोठ्या शर्यतींत डिस्क दिसते हे खरे. पण ती मंडळी या निर्णयाला किती उशिरा आली ते मुलांना सांगावे. मोटारीसाठी डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारने त्याच्या जोरावर बाजी मारली. डोंगरातल्या सायकलींवर तो १९९० नंतरच्या दशकात रुळला. रस्त्यावरच्या शर्यतींत मात्र २०१६ साली त्याची चाचणी चालू असताना पॅरिस-रूबे शर्यतीत स्पेनच्या फ्रान्सिस्को व्हेन्तोसो याच्या पायाला खोल जखम झाली आणि ती चकतीनेच झाली असे त्याने म्हटले. चाचणी तेव्हा थांबवण्यात आली. पुरी परवानगी मिळाली ती १ जुलै २०१८ पासून. त्यानंतरही २०२० ची तूर द फ्रान्स तादेइ पोगाचार याने जिंकली ती रिम ब्रेकच्या सायकलवर. आल्प्स आणि पिरेनीजचे घाट उतरून! तेव्हा आपल्या गल्लीतल्या क्लासला जायला रिम ब्रेक पुरणार नाही असे मानण्याचे कारण नाही. कार्बनच्या रिमा आल्या आणि त्यांना उष्णता मुळीच मानवत नाही, म्हणून शर्यतवाल्यांना डिस्ककडे जाण्याचे अधिक कारण होते. आपल्या सायकलला कार्बनची रिम नसते.

आणि मग राहतो तो आपला पंक्चरवाला. मला विचाराल तर निम्मा निकाल त्याच्याच हातात आहे. तो सवयीने सायकल उलटी करतो, हँडल आणि सीट जमिनीवर, चाके आकाशाकडे. तेलाची डिस्क असेल आणि तेलाच्या डबीत थोडी जरी हवा असेल, तर उलटे केल्यावर ती हवा नळीत शिरते आणि मूठ लिबलिबीत होते. चाक काढलेले असताना पोराने सहज मूठ दाबून पाहिली, तर दोन पॅड एकमेकांना मिठी मारतात आणि चाक पुन्हा आत जाता जात नाही. व्ही-ब्रेकची रबरे कोणत्याही गल्लीत मिळतात आणि कोणाच्याही सायकलला चालतात. डिस्कच्या पॅडांचे आकार मात्र कंपनीगणिक वेगळे. तेव्हा सायकल घेतानाच पॅडची एक जादा जोडी मागून घ्यावी. तेलही सगळ्यांचे एक नसते. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागते आणि दुसऱ्या काहींना मोटारीतले ब्रेकचे तेल. एकात दुसरे घातले तर आतली रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतो.

तेलावरून आठवले. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दसरा होऊन गेलेला असेल. दसऱ्याला घरोघरी वाहने धुऊन-पुसून त्यांची पूजा होते. सायकल चकाकावी म्हणून आपल्याकडे खोबरेल तेलाचा हात फिरवण्याची चाल आहे, आणि साखळीला तेल घालताना चार थेंब इकडे-तिकडे उडतातच. रिमवर तेल गेले तर साबणाच्या पाण्याने धुऊन काढता येते. चकतीवर गेले तर ते पॅडमध्ये मुरते, आणि मग ब्रेक लागत नाही आणि किंचाळतो मात्र भरपूर. चकती स्पिरिटने पुसता येईल, पॅड बहुधा फेकूनच द्यावे लागतात. सुरुवातीला सांगितलेली जिन्याखालची सायकल आठवा. तिची चौकशी केली तर दहातल्या बऱ्याच वेळा रोग हाच निघेल. हळदकुंकू हँडलला लावावे, हार घंटीला घालावा, चकतीला नमस्कार लांबून करावा.

मुंबईकरांची पत्रे वेगळ्या तऱ्हेची असतात. दादर-माटुंग्याच्या सपाट रस्त्यांवर, सकाळच्या फेरफटक्यासाठी, व्ही-ब्रेक पुरून उरतो. खाऱ्या हवेत मात्र केबल गंजते आणि जड होते. लोकांना वाटते ब्रेकच बिघडला. वर्षातून एकदा केबल बदलली तर मूठ पुन्हा लोण्यासारखी चालते. लहान मुलांच्या सायकलींना डिस्क लावण्याची जी टूम निघाली आहे ती मला समजत नाही. लहान मुलाला हवी असते ती मूठ त्याच्या बोटांना पोचणारी. बहुतेक मुठींच्या पोटात एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की मूठ हँडलजवळ येते. दुकानात उभ्या उभ्या होणारे हे काम कोणी करवून घेत नाही.

काही वाचकांनी विचारले आहे की घरातल्या जुन्या सायकलला डिस्क बसवून मिळेल का. मिळणार नाही. डिस्कचा सारा ताण फोर्कच्या एकाच पायावर, खाली, येतो. जुना फोर्क त्यासाठी घडवलेलाच नसतो, आणि चिमटा बसवायला त्यावर जागाही नसते. कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर त्याला नमस्कार करून घरी यावे. दांडीच्या ब्रेकवाल्या काळ्या सायकलला नुसती अ‍ॅल्युमिनियमची रिम घालूनही भागत नाही, कारण त्या ब्रेकची रबरे रिमला आतून टेकतात आणि नव्या रिमला ब्रेक धरण्याजोगी जागा असते ती बाजूला. ब्रेकही बदलावे लागतील. तेवढा खर्च करण्यापेक्षा तिची रबरे नवी घाला, दांड्यांचे सांधे तेल घालून मोकळे करा, रिमवर तेल जाणार नाही हे पाहा, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिला घरीच विश्रांती द्या.